दोन गर्डर आणि माझ्या विहिरीचं पाणी

स्लॅबचा तुकडा पडला तेव्हा दुपारचे दोन-अडीच झाले असतील. मी ओसरीत भिंतीला टेकून बसलो होतो. बायको मागच्या अंगणात तुरी पाखडत होती. आतून धप्प असा आवाज आला, भरलेलं पोतं कोणी आदळावं तसा. जाऊन पाहतो तर मधल्या खोलीतल्या बाजेवर परातीएवढा काँक्रीटचा पोपडा पडलेला. बायको रोज दुपारची त्याच बाजेवर आडवी होते. वर पाहिलं तर स्लॅबातून चार सळाखी उघड्या पडलेल्या. त्यांना सळाखी म्हणायचं तर म्हणायचं. स्टुलावर चढून एकीला हात लावला तर कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे बोटांत आले.

बायको सूप हातात घेऊनच आत आली. तिनं बाज पाहिली, वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आज तुरी पाखडाचं मनात आलं म्हणून," ती म्हणाली. "नाहीतं मी इथंच असती."

एवढं बोलून ती परत अंगणात गेली. सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला. ती रडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या सुपाच्या आवाजानं मला जास्त थकवा आला.

आता हे घर कसं बांधलं ते सांगतो. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचं गाव वरवट बकालच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात. इथं कुठंही खोदा, पाणी खारंच लागतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि ते पिऊन पिऊन माणसांची मुतखड्यानं कंबर वाकते. उत्तरेला सातपुडा दिसतो, तिकडचं पाणी गोडं आहे. आमच्या वाट्याला सातपुड्याचं नुसतं दर्शन. त्या काळी प्यायचं गोडं पाणी दुसऱ्या गावाहून बंडीवर ड्रम ठेवून आणावं लागे. आता नळ आला आहे, दोन दिवसांआड का होईना, येतो.

पण विहीर माझ्याजवळ होती. बापानं आणि मी मिळून खोदलेली. पाणी खारं, पण कितीही उपसा, आटत नाही. गावात दुष्काळ असला तरी माझ्या विहिरीत बादली बुडायची. त्या विहिरीचा मला भारी अभिमान. कोणी तिच्या पाण्याला नाव ठेवलं तर मी त्याच्याशी चार दिवस बोलत नसे.

गल्लीत सारी घरं मातीच्या धाब्याची. मी म्हटलं, आपण स्लॅब टाकायचा. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पाच एकराचा धनी, पण गल्लीतला पहिला स्लॅब माझा होणार होता. भिंती उभ्या राहिल्या, लाकडाची सेंट्रिंग ठोकून झाली, वर सळाखी बांधल्या. बांधणारा मिस्त्री आमच्याच गावचा, मशिदीमागच्या गल्लीतला, माझ्याच वयाचा. त्याची भिंत ओळंब्याला एक सूत हलायची नाही. हे त्याच्याशी भांडण असलेला माणूसही कबूल करायचा.

स्लॅबच्या आदल्या दिवशी तो विहिरीच्या काठावर उभा राहिला. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"भाऊ, स्लॅबाले हे पाणी नोको घेऊ. गोडं आण. बंडीवर ड्रम आण, दोन दिवस उशीर होऊ दे, पण गोडं आण."

"काऊन? याच पाण्यानं भिताडं उभी राह्यली ना?"

"भिताड विटा-मातीचं हाय. स्लॅबात लोखंड हाय. हे पाणी लोखंडाले खाते."

"पाणी कधी लोखंड खाते काय बे? दात असतात काय पाण्याले?"

सेंट्रिंगवर चढलेली बाहेरगावची माणसं हसली. मला तेव्हा माझंच बोलणं फार आवडलं. मिस्त्री हसला नाही.

"घर तुहं हाय," तो म्हणाला. "मी टाकून देतो. पण मंग मले बोलजो नोको."

स्लॅब टाकून झाला. मिस्त्री आमच्या ओसरीत जेवला. दुसऱ्या दिवसापासून मी स्लॅबावर मातीच्या पाळी घातल्या, वाफे केले, आणि शिडीनं बादल्या वर नेऊन ते वाफे भरत राहिलो. सकाळ, दुपार, संध्याकाळ. एकवीस दिवस. पोटच्या पोराला कोणी इतकं जपलं नसेल. लोक बघायला यायचे आणि म्हणायचे, पाणी मारावं तर यानं. एकवीस दिवस मी त्या लोखंडाला मीठ पाजत होतो.

सात-आठ वर्षांनी स्लॅबाला खालून सरळ रेषेत भेगा आल्या. सळाख जिथं जिथं होती तिथं तिथं रेघ. मग तांबूस डाग, मग प्लास्टर सुटायला लागलं. गल्लीतल्या माणसांना दिसू लागलं. मला लाज वाटायला लागली, आणि लाज वाटली की मी काय करतो ते बायकोला माहीत आहे.

बाजाराच्या दिवशी, स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर मिस्त्री बसला होता. आसपास पंधरा-वीस माणसं. कोणीतरी मला विचारलं, "काय बुवा, स्लॅब गळून राह्यला म्हणतात?" मी मिस्त्रीकडे बोट केलं आणि म्हणालो, "माह्या घरचं सिमेंट खाल्लं यानं."

मिस्त्रीनं बशी खाली ठेवली. "भाऊ, पाणी कोणतं व्हतं ते सांग यायले."

आणि मी म्हणालो, "गोडं. बंडीनं ड्रम भरू भरू आणलं व्हतं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटलं आता भांडेल, शपथ घ्यायला लावेल. मी तयारीत होतो. पण तो उठला, उरलेला चहा तसाच ठेवला आणि मशिदीच्या रस्त्यानं निघून गेला. सेंट्रिंगवाले बाहेरगावचे होते, ते कोण विचारायला जाणार? आणि गल्लीतल्या ज्यांनी मला विहिरीतून बादल्या काढताना पाहिलं होतं ते गप्प बसले. माझी जीभ कशी आहे ते गावाला ठाऊक.

त्यानंतर गावात स्लॅब टाकले गेले ते बाहेरच्या मिस्त्र्यांच्या हातानं. याच्याकडे आले चुलीचे ओटे, गोठ्याच्या गव्हाणी, न्हाणीची फरशी. ओळंबा धरणारा माणूस गव्हाणी लिंपत राहिला. मी हे रोज पाहत होतो. समोरून आला की मी रस्ता बदलत नव्हतो, तेवढा ताठा होता. तोच मान खाली घालून जायचा. मान खाली माझी जायला पाहिजे होती, हे मला त्या वेळीही कळत होतं. कळणं एक आणि करणं एक.

असो. तर बाजेवर तुकडा पडला.

पोरगा अकोल्यात नोकरीला आहे. रविवारी आला. त्यानं मोबाइलची बत्ती लावून सगळा स्लॅब पाहिला.

"बाबा, पाडून टाकू. मागं पत्र्याच्या दोन खोल्या टाकू, मंग नवं पाहू."

"मी मेल्यावर पाड."

"तुमी मराची वाट पाहत आई या स्लॅबाखाली झोपंल काय?"

या पोराला उलट बोलायला मीच शिकवलं. मग तोच म्हणाला की शेगावकडचा एक गर्डर बसवणारा माणूस त्याच्या ओळखीचा आहे, तो पाहून सांगेल. टिकत असेल तर खालून लोखंडी गर्डर देऊ, नसेल तर पाडू. मी हो म्हणालो. मला वाटलं गर्डर लागले की मी जिंकलो.

गर्डरवाला चाळिशीचा, बोलायला कमी. हातोडीनं स्लॅब ठोकत फिरला. कुठं ठण्ण आवाज, कुठं भद्द. भद्द आवाज आला की खडूनं गोल करायचा. मधल्या खोलीत जास्तच गोल झाले. मग त्यानं पडलेला पोपडा उचलला, एक कण फोडला आणि जिभेला लावला.

मी म्हणालो, "सिमेंट कमी टाकलं व्हतं मिस्त्रीनं." इतकी वर्षं हे वाक्य बोलत आलो, ते आपोआप बाहेर आलं.

त्यानं छिन्नी घेतली आणि चांगल्या जागी मारली. छिन्नी घसरली. पुन्हा मारली, पुन्हा घसरली.

"काका, सिमेंट भरपूर हाय. माल एकदम कडक हाय. ज्यानं टाकला त्यानं मन लावून टाकला. पाणी खारं व्हतं. आतून लोखंड फुगलं अन् त्यानं माल फोडला. या पट्ट्यात लय घरं अशी पाह्यली म्या."

पोरगा माझ्याकडे पाहायला लागला. त्याला मी लहानपणापासून सांगितलं होतं की मिस्त्रीनं सिमेंट खाल्लं. दारात बायको उभी होती, तिच्या हातात चहाचं तबक. ती म्हणाली, "मीच सासूसंग बंडीनं प्याचं पाणी आणत व्हती त्या वक्ती. एक ड्रम जास्त नाही आला."

मी चहा घेतला. चहा गरम आहे एवढंच म्हणालो.

गर्डरवाल्याचं पुढचं बोलणं असं: मधल्या खोलीत दोन गर्डर द्यायचे. दोन्ही टोकं भिंतीत बसणार, म्हणजे स्लॅबाचा सगळा भार भिंतीतल्या दोन-दोन जागांवर येणार. भिंत बाहेरून विटांची दिसते पण आत काय आहे? माती-दगड असेल तर गर्डर भिंत चिरून खाली येईल. "ज्यानं बांधलं तो हयात हाय काय?" त्यानं विचारलं. "असंल तं त्याले आणा. त्याच्याशिवाय मी भिंत फोडत नाही."

पोरगा म्हणाला, "मी जातो बोलवाले."

"तू बस," मी म्हणालो. "मीच जातो."

मशिदीमागची गल्ली आमच्यापासून पाचशे पावलं असेल. मी वाटेत दोनदा थांबलो. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण सगळं गुडघ्यांवर ढकलणार नाही. काय बोलायचं ते जमवत होतो. चांगलं जमवलं होतं: मिस्त्री, मी खोटं बोललो, पाणी खारं होतं, माझी चूक झाली. चार तुकडे. चौथी शिकलेल्या माणसालाही पाठ होतील.

तो दारासमोर बाजेची दावण ताणत बसला होता. डोळ्यात मोतीबिंदू, दाढी पांढरी, कानही गेलेले. मी जवळ जाऊन उभा राहिलो तेव्हा त्यानं पायांकडून वर पाहिलं. ओळखलं त्यानं.

"स्लॅब पडला काय?" त्यानंच विचारलं.

"तुकडा पडला. मधल्या खोलीत."

"कोणाले लागलं?"

"नाई."

"गर्डर देऊन राह्यला?"

"हाव. भिताडात काय हाय ते विचाराले आलो."

त्यानं दोरी खुंटीला गुंडाळली, सुनेला आवाज देऊन टोपी मागवली, काठी घेतली. "चाल," म्हणाला. माझे चारही तुकडे तोंडातच राहिले. वाटेनं तो पुढं, मी मागं. दोन म्हातारे, दोघांच्या काठ्या. लोक ओट्यांवरून पाहत होते. इतक्या वर्षांत आम्हाला एका रस्त्यानं चालताना कोणी पाहिलं नव्हतं.

घरात आल्यावर त्यानं स्लॅबाकडे पाहिलंच नाही. डोळ्यांनी दिसतही नव्हतं म्हणा. तो सरळ भिंतीला गेला आणि तळहात लावून कोपऱ्यापासून वीत वीत मोजत सरकला. गर्डरवाल्यानं खडूनं जिथं खूण केली होती तिथं काठी मारली.

"इथं नाही. इथं आत माती हाय. हातभर इकडं ये. इथं काया दगड हाय, आडवा, भिताडाच्या आरपार. तिकडल्या दुसऱ्या खुणेजवळही तसाच, अन् समोरच्या भिताडातही तसेच दोन. मालकानं सांगतला नव्हता, म्याच टाकला. म्हतलं, उद्या यानं माडी चढवली तं पाहिजे."

गर्डरवाल्यानं तिथं फोडलं. दोन विटा निघाल्या, आणि आत काळा दगड. सपाट, घडीव, बैलाच्या पाठीएवढा रुंद. पोरानं त्यावर हात फिरवला. मी आजवर त्या भिंतीला पाठ टेकून बसत होतो, पण आत हा दगड आहे हे मला माहीत नव्हतं. सिमेंट खाणारा माणूस न सांगता दगड टाकून जात नाही. हे मला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती.

दोन दिवसांनी गर्डर आले. आधी स्लॅबाखाली लोखंडी टेकू उभे केले. सुटलेला माल पाडला, सळाखींचा गंज घासला, त्यावर लाल रंग मारला. भिंतींना समोरासमोर खाचे फोडले. मी विचारलं, एका बाजूचा खाचा दुप्पट खोल कशाला? गर्डरवाला म्हणाला, काका, खोलीपेक्षा गर्डर लांब, तो आत घालणार कसा? एका भिंतीत आधी पूर्ण सारायचा, मग समोरच्या खाच्यात मागं ओढायचा. शिकण्यासारखी गोष्ट आहे. मी साठ वर्षं शेती केली, मला हे सुचलं नसतं.

मिस्त्री रोज येऊन बसायचा. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी जा म्हणत नव्हतं. गर्डरवाला त्याला चाचा म्हणायला लागला होता आणि प्रत्येक पाचरेला विचारायचा. खाच्यात भरायचा माल कालवायची वेळ आली तेव्हा मिस्त्री एवढंच म्हणाला, "पाणी?"

त्या दिवशी नळ नव्हता. पोरगा म्हणाला जारचं पाणी आणतो, लग्नात असतं ते थंडगार. मी म्हणालो आण. जार मी स्वतः उचलून घमेल्याजवळ ठेवला, कंबर धरली तरी ठेवला. मिस्त्रीनं बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि मान हलवली. माझी विहीर दहा पावलांवर भरलेली होती.

दुसरा गर्डर चढवताना गल्ली जमली. साखळीनं तो वर जायला लागला की साखळीचा कटकट आवाज, खाली माणसं हात लावून, आणि दारात बघे. त्यात शेजारचा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. त्याला गप्प बसवत नाही.

"मिस्त्रीभाई," तो दारातून ओरडला, "सिमेंट तं खाल्लं, आता हा गर्डर नोको खाऊ बुवा! दात पडले तुहे!"

सारे हसले. पोरगा हसला नाही. साखळी ओढणारे पण हसले, आणि गर्डर क्षणभर हवेत थांबला. मिस्त्रीला ऐकू आलं की नाही कळलं नाही. तो खाच्याकडे तोंड करून बसला होता, हात गुडघ्यावर.

हे बोलणं माझंच होतं. मी टपरीवर बोललो आणि ते गावात राहिलं. आता त्यावर नवी माणसं हसत होती.

मी स्टुलावरून उठलो. "त्यानं सिमेंट नव्हतं खाल्लं," मी म्हणालो. "पाणी माह्या इहिरीचं व्हतं. त्यानं मना केलं व्हतं. म्या आइकलं नाही, अन् मंग बाजारात खोटं बोललो."

कोणी हसलं नाही. कंडक्टर म्हणाला, "जाऊ द्या ना बुवा, जुनी गोष्ट हाय, मजाक केली म्या." दुसरा एक म्हणाला, "अरे वढा ना बे साखळी, गर्डर लटकून राह्यला." साखळी पुन्हा कटकट करायला लागली. गर्डर खाच्यात सरला, मागं ओढला, काळ्या दगडावर बसला. वर स्लॅबाला टेकवायला लोखंडी पाचरी ठोकल्या. ठोका बदलला, भरीव झाला, तेव्हा मिस्त्रीनं हात वर केला. पुरे.

माणसं गेली. बायकोनं चहा आणला. मिस्त्रीनं कप घेतला. मी जवळ बसलो, कारण त्याला जवळून बोललेलं ऐकू येतं.

"आइकलं ना तू? म्या सांगतलं सारं."

"आइकलं."

"मंग?"

त्यानं चहा संपवला. कप उलटा करून ठेवायची त्याची सवय आहे.

"भाऊ, ते तू बाजारात बोलला व्हता," तो म्हणाला. "हे घरात बोलून राह्यला."

काठी टेकत तो निघाला. बायको दारात बाजूला झाली आणि तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

त्या रात्री पोरानं आईची बाज पुन्हा मधल्या खोलीत घातली. मी म्हणालो झोप आता बिनघोर. ती म्हणाली, "मी तं झोपीन. तुमी बाजारात कधी जाता?"

बाजार मंगळवारचा. तीन मंगळवार मी गेलो नाही. एकदा गुडघे, एकदा ऊन, एकदा कापसाला गिऱ्हाईक येणार होतं ते आलंच नाही. बायको काही बोलायची नाही, फक्त सोमवारी संध्याकाळी माझं धुतलेलं धोतर खुंटीला लावायची. चौथ्या मंगळवारी मी मिस्त्रीच्या दारावरून गेलो. म्हणालो, "बाजारात येतं काय?" त्यानं टोपी घेतली.

टपरी तिथंच आहे, पण मालक दुसरा. जुन्या मालकाच्या भावाचा मुलगा. त्या वेळचे पंधरा-वीस होते त्यातला मला एकच दिसला, शिंपी, मान सारखी हलते त्याची. बाकीचे वर गेले, किंवा पोरांकडे पुण्याला गेले, ते गेल्यासारखंच. बाकांवर सारी तिशी-पस्तिशीची माणसं, हातात मोबाइल.

मी मिस्त्रीला बाकावर बसवलं आणि उभा राहूनच मोठ्यानं म्हणालो, "आइका रे. या मिस्त्रीनं माह्या घरचं सिमेंट खाल्लं असं म्या याच जागी म्हतलं व्हतं. ते खोटं व्हतं. पाणी खारं व्हतं, माह्या इहिरीचं. यानं सांगतलं व्हतं, म्या आइकलं नाही."

दोघा-तिघांनी वर पाहिलं. एक म्हणाला, "कोणता मिस्त्री?"

"हा."

"हे मिस्त्री व्हते काय? मले वाटलं गव्हाणी करत व्हते."

याला उत्तर होतं, पण त्यात पुन्हा मीच होतो.

शिंपी बराच वेळ मान हलवत बसला. मग म्हणाला, "तुह्या त्या बोलण्यावर म्या माह्या घरचा स्लॅब बाहेरच्या मिस्त्रीकून टाकला. त्यालेही खारंच पाणी दिलं. कोणी सांगाले नव्हतं." आणि उठून गेला. रागावला की नाही ते त्याच्या मानेवरून ओळखता येत नाही.

मिस्त्रीनं टपरीवाल्याला जवळ बोलावलं. "काय म्हणते हा?" त्यानं विचारलं. बाजाराच्या गोंधळात त्याला ऐकू आलं नव्हतं. टपरीवाला वाकला आणि त्याच्या कानात मोठ्यानं म्हणाला, "चाचा, ते म्हणतात तुमची काही गलती नव्हती. सारी त्यायची व्हती."

मिस्त्रीनं काठी बाकाला टेकवून ठेवली. मग म्हणाला, "हाव." चहा आला, तो त्यानं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि कप बाकावर उलटा ठेवला.

येताना आम्ही बरोबर निघालो. मशिदीच्या वळणावर तो त्याच्या गल्लीला लागला, मी माझ्या. हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. हलकं काही वाटलं नाही. पाय मात्र भरून आले होते. वाटेत पाण्याच्या टाकीजवळ बसलो, मग शाळेच्या ओट्यावर बसलो. तिथून माझ्या घरापर्यंत पाच-सहा स्लॅब दिसतात, सारे बाहेरच्यांनी टाकलेले. कोणत्या स्लॅबाखालून तांबूस डाग आले आहेत ते मी मोजायला लागलो होतो, पण थांबलो. उठलो, आणि घरी आलो.